तेल-गॅसचं ट्रेनिंग सेंटर बाहेरच्या देशात न्यायचंय, सुरुवात कुठून करावी?

ड्रिलफ्लोअर:
नमस्कार मंडळी. आमचं छोटं ट्रेनिंग सेंटर आहे, वेल कंट्रोल (विहिरीतला दाब ताब्यात ठेवणं), एच-टू-एस (विषारी वायूपासून बचाव), रिगिंग (जड सामान बांधून उचलणं) आणि वेल्डिंग शिकवतो. नऊ वर्षं झाली, पोरं कामाला लागतात, कंपन्या पुन्हा पुन्हा बॅच पाठवतात. आता एका कंत्राटदाराने विचारलंय की हेच कोर्स नायजेरियात चालवाल का, जमलं तर पुढे गयानालाही. मन तर होच म्हणतंय, पण डोक्यात गोंधळ आहे. सर्टिफिकेट कुठलं धरायचं, ट्रेनर आपले न्यायचे की तिथलेच तयार करायचे, आणि सिम्युलेटर (रिगची नक्कल करणारं सरावाचं मशीन) वगैरे पहिल्याच वर्षी घ्यायचं का? ज्यांनी हे केलंय त्यांनी प्लीज सविस्तर सांगा.

गेटपास:
सर्टिफिकेटचं आधी बोलतो कारण सगळे तिथेच अडकतात. कुठलं सर्टिफिकेट मोठं हे विचारू नका, ज्या रिगवर पोरगा चढणार आहे तिथल्या ऑपरेटरला, म्हणजे विहीर चालवणाऱ्या तेल कंपनीला, काय चालतं ते लेखी घ्या. ऑफशोअरला, म्हणजे समुद्रातल्या रिगवर, जाणाऱ्याला बहुतेक ठिकाणी ओपिटो या संस्थेचं बोसिएट (सुरक्षेचं प्राथमिक प्रशिक्षण) लागतं, ते ४ वर्षं चालतं, मग रिफ्रेशर. वेल कंट्रोलला आयडब्ल्यूसीएफ या संस्थेचं किंवा आयएडीसी या संघटनेचं वेलशार्प सर्टिफिकेट, ड्रिलर-सुपरव्हायझर पातळीला दोन्ही २ वर्षांचे. पण ओपिटोची मान्यता त्या जागेला असते बरं का, तुमच्या सेंटरला आहे म्हणून दुसऱ्या देशातल्या शाखेला आपोआप मिळत नाही, तिथला सरावाचा स्विमिंग पूल, तिथली उपकरणं, तिथले ट्रेनर सगळं नव्याने तपासलं जातं. हे वेळापत्रकात धरलं नाही तर बॅच जाहीर करून बसाल आणि कोर्स सुरू करता येणार नाही.

वेल्डिंगमध्ये तर अजून वेगळं आहे. एपीआय ११०४ किंवा एएसएमई सेक्शन नाइन या वेल्डिंगच्या मानकांना वेल्डरची टेस्ट ठरलेल्या वेल्डिंग प्रोसिजरवर (वेल्ड कसं करायचं याच्या लेखी पद्धतीवर) होते आणि ती जबाबदारी काम देणाऱ्या कंपनीची असते. म्हणजे तुम्ही कितीही सुंदर सर्टिफिकेट दिलंत तरी साइटवर पोराला पुन्हा कूपन, म्हणजे चाचणीचा तुकडा, वेल्ड करायला लावणारच. म्हणून तिथे विकायचं काय, तर त्या टेस्टला पहिल्या फटक्यात पास होणारा हात. हे कंत्राटदाराला सरळ सांगा, तो खूश होईल, कारण नापास वेल्डर परत पाठवण्याचा खर्च त्याच्याच बोकांडी बसतो.

शिफ्ट_इन्स्ट्रक्टर:
मी दोन देशांत शिकवलंय म्हणून ट्रेनरच्या प्रश्नावर बोलतो. एक प्रसंग सांगतो. सिम्युलेटरवर बॅच होती, ड्रिलरच्या खुर्चीत एक हुशार पोरगा, फॉर्म्युले तोंडपाठ. मी हळूच किक टाकली, म्हणजे जमिनीतला वायू किंवा द्रव विहिरीत घुसतोय असं दाखवलं. स्क्रीनवर पिटचं (मड, म्हणजे ड्रिलिंगचा चिखल, साठवायच्या टाकीचं) व्हॉल्यूम वाढायला लागलं, आधी दोन बॅरल, मग चार, मग सात. त्याची नजर त्या आकड्यावरच होती, हात ब्रेकवर, आणि तो काहीच बोलेना. मागे सुपरव्हायझरच्या भूमिकेतला माणूस वयाने मोठा होता, त्याच्याकडे एकदा बघितलं आणि परत स्क्रीनकडे. मी थांबवून विचारलं की दिसलं होतं का, तर म्हणाला दिसलं होतं, पण ते सांगतील म्हणून थांबलो. पंप बंद करून विहीर वाहतेय का बघायचं, वाहत असेल तर लगेच बंद करायची, हे त्याला सगळं माहीत होतं. ते स्वतःच्या जबाबदारीवर करायची परवानगी आपल्याला आहे, हे त्याला कुणी शिकवलंच नव्हतं.

हे असं फक्त इंग्रजीत स्लाइड दाखवून सुटत नाही. तिथला ट्रेनर असेल तर त्याला कळतं की इथल्या पोराला वरिष्ठापुढे तोंड उघडायला नेमकं काय अवघड जातं, आणि तो त्याच्या भाषेत त्याला तयार करतो. उत्तर समुद्रातल्या पाइपर अल्फा या तेलाच्या प्लॅटफॉर्मचं उदाहरण मी प्रत्येक बॅचला देतो, ६ जुलै १९८८, पंपाचा सेफ्टी व्हॉल्व्ह काढून ठेवलाय हे रात्रपाळीला कळलं नाही आणि त्यांनी तो पंप चालू केला, १६७ माणसं गेली. एका पाळीकडून दुसऱ्या पाळीला निरोप नीट गेला नाही की काय होतं, ते तिथे दिसतं. त्यामुळे माझं ठाम मत, पहिल्या वर्षी तुमचे दोन चांगले ट्रेनर पाठवा, पण त्यांचं मुख्य काम तिथले चार ट्रेनर घडवणं हे ठेवा, पोरांच्या बॅचेस त्यातूनच होऊ द्या.

किनाऱ्यावरचा:
वरच्याशी शंभर टक्के सहमत आणि कायदाही तेच सांगतो. नायजेरियाचा लोकल कंटेंटचा (स्थानिक माणसं-कंपन्यांना काम देण्याचा) कायदा २०१० चा आहे, त्यात परदेशी माणसाच्या हाताखाली स्थानिक माणूस जास्तीत जास्त ४ वर्षं शिकणार आणि मग ती जागा त्याला द्यायची अशी तरतूद आहे. गयानाने २०२१ मध्ये आपला कायदा केला. म्हणजे तुम्ही कायम बाहेरून माणसं नेत राहाल हे गणितच चुकीचं आहे.

आणि दोन्ही देश एका मापाने मोजू नका. नायजेरियात एफुरुनला पेट्रोलियम ट्रेनिंग इन्स्टिट्यूट १९७२ पासून आहे, शिकवणाऱ्यांची पिढी आहे, तिथे शिकवायला जायच्या आधी शिकून घ्यायला जा. गयानात पहिलं तेल निघालं डिसेंबर २०१९ मध्ये, तिथे ऑफशोअरचा धंदाच नवा, म्हणून गरज पार पायाची आहे, क्रेनचे इशारे, रिगिंग, कामाच्या परवानगीचं परमिट कसं वाचायचं. तिथल्या एखाद्या तंत्रशाळेशी भागीदारी करा, स्वतःची इमारत उभारू नका.

सिम्युलेटरबद्दल, पहिल्या वर्षी अजिबात मोठं घेऊ नका. लॅपटॉपवर चालणारी, बॅगेत मावणारी असतात, ती न्या. तेलाचे भाव पडले की कंपन्या ट्रेनिंगचंच बजेट आधी कापतात, २०१४ नंतर आणि परत २०२० ला आपण बघितलंय. मोठं मशीन हप्त्यावर घेतलं असेल तर तेव्हा तुमची झोप उडते.

ड्रिलफ्लोअर:
खूप खूप आभार, डोकं बरंच साफ झालं. कंत्राटदाराला उद्याच विचारतो की ऑपरेटर कोण आणि त्याला कुठले कागद चालतात. अजून एक, आमचं सगळं साहित्य फूट आणि पीपीजीमध्ये (पाउंड प्रति गॅलन, मडचं वजन) आहे, तिथे मेट्रिक लागलं तर फक्त आकडे बदलून चालेल का?

शिफ्ट_इन्स्ट्रक्टर:
नाही चालणार, उदाहरणं नव्याने बनवा. फूट-पीपीजीमध्ये प्रेशर काढताना खोली आणि मडच्या वजनाला ०.०५२ ने गुणतो, मीटर आणि किलो प्रति घनमीटरमध्ये ०.००९८१ ने, आणि उत्तर पीएसआयऐवजी किलोपास्कलमध्ये येतं. पोरं अर्धी एका पद्धतीत आणि अर्धी दुसऱ्या पद्धतीत गणित करतात आणि किल मडचं (किक दाबायला लागणाऱ्या जड मडचं) वजन भलतंच काढतात, मी वर्गात किती वेळा पकडलंय. गोल आकडे घ्या, म्हणजे ३००० मीटर खोली, १२०० किलो प्रति घनमीटरचा मड, तोंडाने सांगता येईल असं. आधी त्या रिगवरची गेज कुठल्या युनिटमध्ये आहेत ते विचारून घ्या आणि शिकवा त्याच युनिटमध्ये.