‘प्रोपगंडा’ म्हणजे प्रचार की अपप्रचार?

दौत: ब्रिटनच्या १९१५ च्या सैन्यभरतीच्या पोस्टरवरचं इंग्रजी टिपण अकरावीसाठी मराठीत आणायचं आहे. खुर्चीत बाप, मांडीवर पुस्तक उघडून बसलेली मुलगी, पायाशी खेळण्यातले सैनिक मांडणारा मुलगा. खाली ओळ: ‘बाबा, पहिल्या महायुद्धात तुम्ही काय केलंत?’ मी ‘थीम’ला मध्यवर्ती कल्पना आणि ‘प्रोपगंडा’ला अपप्रचार लिहिलं. तपासनीसांनी दुसऱ्या शब्दावर फुली मारली. का?

तळटीप: फुली बरोबर आहे. अपप्रचारात खोटेपणा आणि बदनामी गृहीत असते. या पोस्टरात खोटं विधान एकही नाही, नुसता प्रश्न आहे. सक्तीच्या भरतीचा कायदा जानेवारी १९१६ मधला, तोवर माणसं राजीखुशीनं यायला हवी होती, म्हणून लाजेला हात घातलाय. ‘युद्धप्रचार’ लिहा.

बोरू: ‘प्रचार’ फारच सोवळा. प्रचारफेरी निवडणुकीतही निघते. ‘प्रोपगंडा’च ठेवा, सगळ्यांना कळतो.

तळटीप: मग उद्या ‘थीम’ही ठेवा! आशयसूत्र हा चांगला शब्द आहे.

चौकट: आशयसूत्र आणि संदेश एक नव्हेत, टिपणं तिथंच घसरतात. आज्ञार्थी वाक्य करून बघा. ‘भरती हो’ असं होतं, तो संदेश. ‘बापाची अब्रू पोरांच्या नजरेत असते’ हे आशयसूत्र, त्याची आज्ञा होत नाही. त्याच युद्धात लढलेला इंग्रज कवी विल्फ्रेड ओवेन, त्याच्या विषारी वायूच्या हल्ल्यावरच्या कवितेत वेगळीच चूक होते. शीर्षक रोमन कवी होरेसच्या लॅटिन ओळीतलं, देशासाठी मरणं गोड असं सांगणारं. पोरं तोच संदेश म्हणून उतरवतात, आणि कविता तर त्या ओळीला खोटं ठरवते.

बोरू: ‘पहिल्या’ काढा हो आधी. १९१५ मध्ये दुसरं कुठं होतं?

दौत: काढलं. ‘केलंत’ की ‘करताय’?

चौकट: केलंत. लढाई चालू असताना पोस्टर ती संपल्यानंतरच्या घरात बसून विचारतं, सगळी खोच त्या भूतकाळात आहे. शिवाय इंग्रजीत ‘तुम्ही’ ठळक आहे. मराठीत क्रियापदावरूनच कर्ता कळतो, म्हणून सर्वनाम शेवटी ढकला: ‘महायुद्धात काय केलंत तुम्ही?’

तळटीप: ‘तुम्हीच’ मात्र नको, ‘च’नं अर्थ फिरतो.

बोरू: पण ‘तुम्ही’ कशाला, ‘तू’ का नको? लाडकी लेक आहे.

तळटीप: १९१५ च्या मराठी घरात बापाला अरेतुरे?

बोरू: घर इंग्रजांचं आहे!

दौत: आणि प्रोपगंडाचं काय ठरलं?

तळटीप: मुळात शब्द शिवीचा नव्हेच. १६२२ मध्ये पोप पंधरावे ग्रेगरी यांनी धर्मप्रसारासाठी मंडळ काढलं, त्याच्या लॅटिन नावातला तो. त्यामागचं क्रियापद बागेतलं, फांदी मातीत दाबून नवं रोप करण्याचं.

चौकट: म्हणजे गुटी कलम.

तळटीप: दाब कलम. गुटी झाडावरच बांधतात.

बोरू: आमच्याकडे दोन्हीला गुटीच म्हणतात.