न फुगणाऱ्या बीला काय म्हणावं?

खुरपं: गोकर्णीच्या बारा बिया रात्रभर भिजत घातल्या. सकाळी चार टम्म फुगल्या, आठ जशाच्या तशा, खड्यासारख्या. मेल्या समजून फेकणार होतो. अशा बीला आपल्याकडे शब्द आहे का?

वेलदोडा: गणंग! बाकीचे दाणे शिजतात आणि एखादाच दाताखाली कडकन येतो, तो गणंग. कुचर दाणाही म्हणतात. पुढे तो माणसांनाही चिकटला. बिया मात्र फेकू नका.

रानजाई: मी तर न उगवणारीला पोचट म्हणते.

वेलदोडा: पोचट वेगळी. तिच्यात आत काही नसतंच, दाबली की चेपते, बहुधा पाण्यावर तरंगते. गणंग भरलेला असतो, जिवंतही असतो. सालाच्या बाहेरच्या थरात पेशी इतक्या दाटीने उभ्या असतात की पाण्याला शिरायला वाटच नाही. गुंजेचंही तेच. उलट मेलेली बी खुशाल पाणी पिते आणि चार दिवसांत बुळबुळीत होते. रानात हा हट्ट कामाचा आहे. सगळ्या बिया पहिल्याच सरीला उगवल्या आणि पावसाने ओढ दिली, तर उरलं काय? तेव्हा माणसाला गणंग म्हणताना जरा विचार करा!

खुरपं: मग साल खरवडू?

वेलदोडा: खरवडू नका, घासा. खरवडताना पातं खोल जातं. पॉलिश पेपरवर चकाकी जाऊन आतला फिकट रंग दिसेपर्यंतच, तेही डोळ्याच्या विरुद्ध बाजूने. डोळा म्हणजे बी शेंगेला चिकटलेली असते ती जागा. मूळ त्याच्याजवळून फुटतं. मग पुन्हा भिजत घाला. फुगलेली लगेच पेरा, बोटाचं अर्धं पेर खोल.

रानजाई: एकेक बी बोटाने खोचायची ती टोकणी. पेरणं म्हणजे ओळीने सोडत जाणं. आणि हो, ‘ती बी’ की ‘ते बी’? माझ्या कानाला पेरायला ठेवतात ते बी, चिमटीत धरली की ती बी.

वेलदोडा: टोकणी मान्य. बीचं मी दोन्ही बोलतो, आजवर कुणी टोकलं नाही.

खुरपं: आठही घासल्या. संध्याकाळपर्यंत सहा फुगल्या, त्या टोकल्या. दोन गणंग अजून वाटीच्या तळाशी बसलेत. उद्या परत पॉलिश पेपर.