पोलीस चॅप्लेनच्या गटासाठी गोपनीयतेचे नियम लिहायचे आहेत, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

मी पोलीस दलासोबत स्वयंसेवक चॅप्लेन म्हणून काम करते. ज्यांना हे काम माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. पोलिसांना आणि त्यांच्या घरच्यांना आधार द्यायला दलाशी जोडलेली आम्ही माणसं. गस्तीच्या गाडीत सोबत बसतो, जखमी अधिकाऱ्याला रुग्णालयात भेटतो, कोणी अपघातात गेलं तर अधिकाऱ्याबरोबर त्या घरी जाऊन सांगतो, अंत्यविधीला उभे राहतो. आमच्या गटात पाद्री आहेत, इमाम आहेत, गुरुद्वाऱ्याचे ग्रंथी आहेत आणि कुठलाच धर्म न मानणारे एक समुपदेशकही आहेत. मी हिंदू समाजाच्या वतीने आहे.

आम्ही दर महिन्याला एकत्र बसतो आणि कामाबद्दल बोलतो. त्या बैठकीत आणि आमच्या फोनवरच्या ग्रुपमध्ये काय बोलायचं, काय नाही, याचे नियम लिहायचं काम माझ्याकडे आलं आहे. आजवर एकच अलिखित नियम होता : नाव घ्यायचं नाही. तो पुरत नाही हे मला रोज दिसतं आहे.

गेल्या काही बैठकींमधली एक गोष्ट सांगते, ओळख पटणार नाही इतकी बदलून. एकाने सुरुवात केली, "नाव घेत नाही, पण रात्रपाळीला एक जण आहे, नुकताच बाबा झालाय..." पुढचं वाक्य येईपर्यंत टेबलाभोवतीच्या सगळ्यांना माणूस कळला होता. बोलणाऱ्याचा हेतू चांगलाच होता, त्याला खरोखर सल्ला हवा होता. पण त्या अधिकाऱ्याने जे एकाला सांगितलं ते आता साऱ्या गटाला माहीत झालं. दल लहान असलं की पाळी, हुद्दा, किती मुलं, कुठला अपघात, यातली कुठलीही दोन माहितीची टोकं जुळली की नावाची गरजच उरत नाही.

दुसरी गोष्ट मला जास्त छळते आहे. ग्रुपवर येणारे प्रार्थनेचे निरोप. "आपल्या एका भावासाठी प्रार्थना करा, बायको घर सोडून गेली आहे, दारू पुन्हा सुरू झाली आहे." प्रार्थनेला ही माहिती कशाला लागते? ज्याच्यासाठी प्रार्थना करायची त्याला हे चालणार आहे का, हे कोणी विचारलेलं नसतं. आणि प्रार्थना म्हटल्यावर हरकत घेणाराच वाईट ठरतो.

तिसरा प्रश्न वचनाचा. गाडीत शेजारी बसलेला अधिकारी पुढे बघतच विचारतो, "हे आपल्यातच राहील ना?" याला "हो" म्हणणं सोपं आहे. पण त्याने पुढच्या क्षणी जीव द्यायचा विचार बोलून दाखवला, किंवा घरातल्या मुलाला मारहाण होत असल्याचं सांगितलं, तर ते "हो" मला पाळता येणार नाही. मग आधी काय सांगावं? आणि गोळीबाराच्या घटनेनंतर चौकशी सुरू असताना अधिकाऱ्याने मला घटनाक्रम सांगितला, तर उद्या मला साक्षीला बोलावलं जाईल का?

मी एकमेकांशी बोलणं बंद करा असा नियम लिहू इच्छित नाही. एका दारात उभं राहून आईला मुलगा गेल्याचं सांगून आलेल्या माणसाला कुठेतरी बोलायलाच हवं, नाहीतर तो स्वतः मोडेल. बोलता यावं आणि कोणाचा विश्वासही तुटू नये, अशी वाट शोधते आहे. कायदा, रुग्णालय, पोलीस, यांपैकी कुठलाही अनुभव असलेल्यांनी कृपया लिहा.

– पारिजात


निवडुंग :

पारिजातताई, कायद्याच्या बाजूने लिहितो. पहिली गोष्ट, चॅप्लेनला सांगितलेलं कोर्टात आपोआप सुरक्षित असतं असं गृहीत धरू नका. देशागणिक फरक आहे.

अमेरिकेत धर्मगुरूला विश्वासाने सांगितलेल्या गोष्टींना प्रत्येक राज्यात कुठल्या ना कुठल्या स्वरूपाचं संरक्षण आहे. पण धर्मगुरू कोणाला म्हणायचं, हक्क सांगणाऱ्याचा की ऐकणाऱ्याचा, तिसरा माणूस खोलीत असला तर काय, यात राज्याराज्यात फरक पडतो. तुमच्या गटातल्या विधिवत दीक्षा न घेतलेल्या स्वयंसेवकाला ते संरक्षण मिळेलच असं नाही. इंग्लंडमध्ये असा लेखी कायदेशीर हक्क नाही, बरंचसं न्यायाधीशाच्या विवेकावर असतं. भारतात १८७२ च्या पुरावा कायद्यात पती-पत्नी आणि वकील-अशील यांच्यातल्या संवादाला संरक्षण होतं, धर्मगुरूसाठी वेगळं कलम नव्हतं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही नाही.

एक खटला तुमच्या कामाचा आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा १९९६ चा जॅफी विरुद्ध रेडमंड. ड्युटीवर गोळी झाडणाऱ्या पोलीस अधिकाऱ्याने नंतर परवानाधारक समाजसेविकेकडे सुमारे ५० वेळा समुपदेशन घेतलं होतं. मृताच्या कुटुंबाने दाव्यात त्या बैठकींच्या नोंदी मागितल्या. न्यायालयाने ७ विरुद्ध २ मतांनी त्या नोंदी देणं बंधनकारक नाही असा निकाल दिला. पण हे संरक्षण परवानाधारक उपचारकर्त्यांना मिळालं. चॅप्लेनला यावर विसंबून राहता येणार नाही. २०२१ मध्ये तिथे सहकाऱ्यांनी दिलेल्या मानसिक आधारातली बोलणी गोपनीय ठेवणारा कायदा झाला, तोही केंद्रीय यंत्रणांमधल्या पोलिसांपुरता.

म्हणून तुमच्या साक्षीच्या प्रश्नाला उत्तर : हो, बोलावलं जाऊ शकतं. दलाच्या विधी सल्लागाराकडून तुमच्या जागेचं उत्तर लेखी घ्या. आणि गोळीबारानंतर भेटाल तेव्हा "काय झालं?" हा प्रश्नच टाळा. झोप झाली का, जेवलास का, घरी कोणाला कळवायचं आहे का, एवढं विचारा. तो स्वतःहून घटनाक्रम सांगायला लागला तर थांबवून सांगा की हे आधी वकिलाशी बोल, माझ्याशी तुझ्याबद्दल बोल. ऐन त्या वेळी हे तोडून बोलणं वाटेल, पण त्याच्याच भल्याचं आहे.


रातराणी :

मी रुग्णालयात चॅप्लेन आहे. तुमच्या बैठकीच्या प्रश्नाला आमच्या प्रशिक्षणात एक उत्तर आहे, ते तुम्हाला उपयोगी पडेल.

१९२५ मध्ये अँटन बॉयसेन यांनी अमेरिकेत वूस्टरच्या मनोरुग्णालयात धर्मशास्त्राच्या विद्यार्थ्यांना रुग्णांसोबत ठेवून शिकवायला सुरुवात केली. त्यातून पुढे जी पद्धत वाढली तिच्यात विद्यार्थी आपलं रुग्णाशी झालेलं संभाषण आठवून शब्दशः लिहितो, ओळख पुसतो आणि गटापुढे वाचतो. सगळ्यांचं लक्ष असतं ते चॅप्लेनवर. तो इथे गप्प का बसला, इथे घाईने धीर का दिला, ती रडायला लागल्यावर त्याने विषय का बदलला. रुग्णाच्या आयुष्याची चिरफाड करायची नसते.

तुमच्या बैठकीचा नियमही असाच करून बघा. बोलणाऱ्याने स्वतःबद्दल बोलायचं. "एका अधिकाऱ्याने मला त्याच्या लग्नाबद्दल सांगितलं" याऐवजी "कोणी घरातलं दुःख सांगायला लागलं की मी लगेच उपाय सुचवायला लागते, हे मला थांबवायचं आहे." सल्ला दोन्हींत तोच मिळतो, पण दुसऱ्यात अधिकारी खोलीत येतच नाही. अधिकाऱ्याचा तपशील सांगितल्याशिवाय सल्ला मागताच येत नसेल, तर तो प्रश्न बैठकीचा नाही. तो एकाच अनुभवी माणसाकडे, शक्यतो दलाबाहेरच्या, एकट्याने न्यायचा.

आणि ताज्या घटनेवर त्याच आठवड्यात गटात चर्चा नको. तेव्हा सगळ्यांच्या डोक्यात तीच घटना असते, कितीही झाकलं तरी उघडं पडतं. ज्याला लगेच बोलायची गरज आहे त्याने एकाला फोन करावा.


जुना_पहारा :

मी पोलीस खात्यातून निवृत्त झालो. दुसऱ्या बाजूने लिहितो.

आमच्यात एक गोष्ट पक्की असते. कोणाचं एक वाक्य बाहेर गेलं की ती पूर्ण पाळी चॅप्लेनशी फक्त हवापाण्याच्या गप्पा मारते. कोणी तक्रार करत नाही, कोणी जाब विचारत नाही. नुसतं बोलणं बंद होतं, आणि चॅप्लेनला वाटत राहतं की सगळं छान चाललंय.

तुम्ही बैठकीचा आणि फोनचा विचार करताय, तो बरोबरच आहे. पण गोष्ट फुटायला तोंड उघडावंच लागतं असं नाही. चॅप्लेन एका माणसाला बाजूला घेऊन वाहनतळावर बोलत उभा राहिला की खिडकीतून बघणारे हिशेब मांडतात. आमच्याकडे एक चॅप्लेन होते, ते पाळी बदलायच्या वेळी यायचे आणि हजेरीच्या खोलीत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत प्रत्येकाशी दोन मिनिटं बोलायचे. ज्याला काही सांगायचं नाही त्याच्याशीही. त्यामुळे त्यांच्यासोबत उभं असणं ही बातमीच उरली नाही. ज्याला खरं बोलायचं असे तो त्या दोन मिनिटांत फक्त वेळ ठरवून घ्यायचा.

तुमच्या अहवालांचंही बघा. वरिष्ठांना महिन्याचा अहवाल देत असाल तर त्यात किती तास आणि किती भेटी, एवढंच. कुठल्या तुकडीत किती भेटी हेसुद्धा नको. चार जणांच्या तुकडीत तीन भेटी लिहिल्या की वरिष्ठ बोटावर मोजतात.


पारिजात :

तिघांचेही मनापासून आभार. अहवालाचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आम्ही तुकडीवार आकडे देतो, ते या महिन्यापासून बंद करायचा प्रस्ताव मांडते.

रातराणी, तुमची सूचना मला फार पटली. पण वचनाचा प्रश्न उरतोच. अपवाद आधीच मोजून दाखवले तर समोरचा तोंडच उघडणार नाही, असं आमच्यातल्या एकांचं ठाम म्हणणं आहे.


रातराणी :

मोजून दाखवू नका, एका दमात सांगा. मी असं म्हणते : "तू सांगशील ते माझ्याजवळच राहील. तुझा किंवा दुसऱ्या कोणाचा जीव धोक्यात आहे, किंवा लहान मुलाला इजा होते आहे असं वाटलं, तरच मी मदत बोलावेन, आणि तेव्हाही तुझ्या पाठीमागे नाही, तुला सांगून." शेवटचा भाग सर्वात महत्त्वाचा. लोकांना मदत बोलावल्याचा राग कमी येतो, परस्पर बोलावल्याचा जास्त येतो. एवढं ऐकून जो बोलायचं थांबवतो तो फार थोडा. खोटं "हो" ऐकून बोललेला माणूस मात्र नंतर कायमचा हातचा जातो.

पोलिसांच्या बाबतीत हत्यार हाताशी असतं, म्हणून शंका आली तर आडून आडून विचारू नका. "आत्महत्येचे विचार येतायत का?" असं सरळ विचारा. विचारल्याने विचार डोक्यात घुसतो ही भीती निराधार आहे. उत्तर "हो" असेल तर त्याला एकटं सोडायचं नाही, हत्यार त्याच्या विश्वासातल्या माणसाकडे जाईल असं बघायचं, आणि डॉक्टरला किंवा संकटकाळच्या हेल्पलाइनला फोन त्याच्यासमोर, शक्य असेल तर त्याच्याच हातून. आधी साहेबांना कळवायचं की आधी डॉक्टरला, हे तुमच्या नियमात स्पष्ट लिहा. माझं मत डॉक्टर.


घंटानाद :

एक महत्त्वाची भर. तुमच्या गटातले पाद्री कॅथलिक असतील तर वरचे अपवाद त्यांना सरसकट लावता येणार नाहीत. पापनिवेदनाच्या संस्कारात ऐकलेलं कुठल्याही कारणाने उघड करायला त्यांच्या धर्मकायद्याने सक्त मनाई आहे (१९८३ च्या संहितेतलं कलम ९८३). हा फक्त त्या संस्कारापुरता नियम आहे, गाडीतल्या गप्पांना लागत नाही. म्हणून नियमात एक ओळ घाला : संस्कारात ऐकलेल्याबद्दल पाद्रींना कोणी विचारायचं नाही, आणि साध्या भेटीत मात्र त्यांनाही तेच अपवाद लागू.

जाता जाता, घटनेनंतरच्या सामूहिक बैठकींबद्दल. जेफ्री मिचेल यांनी १९८३ मध्ये मांडलेली पद्धत बऱ्याच ठिकाणी वापरतात. पण एकाच बैठकीत सगळ्यांना बोलतं केल्याने पुढचा मानसिक आघात टळतो असं नंतरच्या आढाव्यांत दिसलं नाही, आणि ब्रिटनच्या २००५ च्या वैद्यकीय मार्गदर्शक सूचनांनी ती सरसकट घेऊ नये असंच सांगितलं. तेव्हा अशा बैठकीला येणं ऐच्छिक ठेवा, कोणाला बोलायची सक्ती नको, आणि नोंद किंवा रेकॉर्डिंग अजिबात नको.


पारिजात :

आजवरच्या प्रतिसादांवरून प्रार्थनेच्या निरोपांचा नियम असा लिहिला आहे : "ज्याच्यासाठी प्रार्थना हवी त्याची परवानगी घेतल्याशिवाय ग्रुपवर काहीही टाकू नये. परवानगी असली तरी 'एका सहकाऱ्यासाठी प्रार्थना करा' याच्या पुढे एक शब्दही नको." इमामसाहेबांना आणि पाद्रींना दाखवला, दोघांनाही पटला. पाद्री म्हणाले, देवाला नाव-पत्ता माहीत असतो.

आता एकच अडकलं आहे. ग्रुपवर आधीचे निरोप आहेत, आणि आमचे एक ज्येष्ठ सहकारी काम सोडत आहेत, त्यांच्याकडे भेटींच्या डायऱ्या आहेत. हे सगळं सरळ नष्ट करावं का?


निवडुंग :

घाई करू नका. एखाद्या घटनेची चौकशी किंवा खटला चालू असेल आणि त्या संदर्भातलं काही त्यात असेल, तर ते नष्ट करणं हाच गुन्हा ठरू शकतो. आधी विधी सल्लागाराला विचारा, आणि विचारताना मजकूर दाखवू नका, फक्त अशा नोंदी आहेत एवढं सांगा. त्यांचं उत्तर लेखी आलं की मगच पुढचं पाऊल. तोवर डायऱ्या त्या ज्येष्ठांकडेच कुलपात राहू द्या, तुमच्याकडे घेऊ नका. तुम्ही त्या वाचल्यात की गोष्ट षट्कर्णी झाली. इथून पुढे मात्र डायरीत फक्त तारीख आणि वेळ लिहायचा नियम करा.