फायबर तुटली तरी व्हीआरआरपीचा मास्टर हलत नाही (रत्नागिरी, कोल्ड स्टोरेज)

मिऱ्याकाठ:
मच्छीचं कोल्ड स्टोरेज, दोन एल३ स्विच (राउटिंगही करणारे). दोघांवर व्हीआरआरपी, म्हणजे दोघांत मिळून एकच गेटवे पत्ता; तो ज्याच्याकडे तो मास्टर. ‘ए’ला फायबरचा राउटर, ‘बी’ला रेडिओ लिंक, मध्ये ट्रंक (सगळ्या व्हीलॅनची सामायिक केबल). व्हीलॅन, म्हणजे वेगळी केलेली जाळी: १० ऑफिस, २० कॅमेरे, ३० टेंपरेचर सेन्सर. व्हीलॅन २० मध्ये ए .२, बी .३, व्हर्च्युअल .१ (पत्त्यांचे शेवटचे आकडे). प्रायॉरिटी ए ची १२०, बी ची १००; जास्त असेल तो मास्टर. ए वर राउटरच्या पोर्टला ट्रॅक, डिक्रिमेंट १० (पोर्ट डाउन झाला की प्रायॉरिटीतून १० वजा).

हायवेच्या खोदकामात फायबर गेली की ए मास्टरच राहतो. ए बंद केला तर मात्र बी चार सेकंदांत ताबा घेतो. दुसरं म्हणजे ए चा यूपीएस संपून लाइट परत आली की दोन मिनिटं नेट गायब. कुठे चुकतंय?

पॅचकॉर्ड:
१२० मधून १० गेले, उरले ११०. बी चे १००. मग तो कशाला हलेल? डिक्रिमेंट ३० करा, म्हणजे ९० होतील. बी वर प्रीएम्प्ट (प्रायॉरिटी जास्त असली की मास्टरपद हिसकावून घेणं) चालू आहे ना तेही बघा. तो बंद असेल तर ए कितीही खाली आला तरी बी ‘व्हय म्हाराजा’ म्हणत बसेल.

पण एवढ्याने भागणार नाही. तुमचा ट्रॅक बघतोय स्विच-राउटरमधली तांब्याची केबल, आणि फायबर तुटते खेडशीच्या पुढे कुठेतरी. राउटरला वीज आहे तोवर पोर्ट अपच दिसणार. आयपी एसएलए (स्विचनेच ठरावीक वेळाने करायची तपासणी) लावा: दर ५ सेकंदांनी पिंग, ट्रॅकला डाउन डिले १०, अप डिले ६०. पिंग राउटरला नको, आयएसपीच्या (इंटरनेट कंपनीच्या) जवळच्या गेटवेलाही नको. त्यांच्या जाळ्यापलीकडचा एखादा खात्रीचा पत्ता घ्या.

कुडाळकर_नेट:
इथेच बरेचजण फसतात. ए च्या डिफॉल्ट राउटलाही (बाहेर जायच्या नेहमीच्या वाटेलाही) तोच ट्रॅक लावाल आणि बी कडे जाणारा पर्यायी राउट ठेवाल, तर फायबर तुटल्यावर पिंग बी मार्गे बाहेर पोचेल. ट्रॅक म्हणेल ‘सगळं ठीक’, ए पुन्हा मास्टर, पुन्हा पिंग बंद. दर मिनिटाला झोपाळा. म्हणून त्या एका पत्त्यासाठी /३२ चा (फक्त त्या पत्त्यापुरता) स्टॅटिक राउट फायबर राउटरकडे द्या, आणि त्याच पत्त्याचा दुसरा राउट नल० कडे (जिथे पॅकेट टाकून दिलं जातं), डिस्टन्स २५० (पहिला राउट नसेल तरच वापरात येणारा). म्हणजे पिंगला दुसरी वाटच उरत नाही.

लाइटचं कारण वेगळं. स्विच राउटरच्या आधी उठतो, प्रायॉरिटी जास्त म्हणून लगेच मास्टर होतो, आणि पुढे रस्ताच नसतो. ए वर प्रीएम्प्ट डिले १८० सेकंद द्या. बी वर देऊ नका. मात्र दोन्ही स्विच एकदम उठले तर हा डिले कामाचा नाही, कारण हिसकावून घ्यायला समोर मास्टरच नसतो.

स्पॅनिंग ट्री (केबलींचा लूप टाळणारा प्रोटोकॉल) जुनी असेल तर ट्रंक ३० सेकंद लिसनिंग-लर्निंगमध्ये (पोर्ट खुला होण्याआधीच्या थांब्यात) अडकते. तेवढ्यात बीची जाहिरात (‘मी मास्टर आहे’ असं पॅकेट) एला ऐकूच येत नाही आणि दोघेही मास्टर होतात. आरएसटीपी (तिची वेगवान आवृत्ती) करा, रूट (मुख्य स्विच) ए ठेवा.

मिऱ्याकाठ:
व्हीलॅन ३० मध्ये आत्ताही दोघे मास्टर दाखवताहेत! १० आणि २० ठीक आहेत.

पॅचकॉर्ड:
एकाच व्हीलॅनला होतंय म्हणजे बहुधा ट्रंकच्या अलाउड यादीत ३० टाकायचा राहिलाय, दोन्ही टोकांना बघा. तिथे असेल तर ३० वरची एसीएल (पॅकेट सोडा-अडवायचे नियम) तपासा: व्हीआरआरपी ना टीसीपी ना यूडीपी, तो प्रोटोकॉल ११२, पत्ता २२४.०.०.१८. व्हर्जन २ असेल तर जाहिरातीचा इंटरव्हलही दोन्हीकडे सारखाच लागतो, नाहीतर पॅकेट टाकून दिलं जातं.

मॅक टेबल (कोणता हार्डवेअर पत्ता कोणत्या पोर्टवर) बघताना गोंधळू नका. ग्रुप ३० चा मॅक ००-००-५ई-००-०१-१ई असा दिसतो. शेवटचा आकडा हेक्समध्ये असतो, ३० म्हणजे १ई.

कुडाळकर_नेट:
कॅमेऱ्यांना हाताने गेटवे दिला असेल तर तो .१ आहे ना बघा. बऱ्याचदा .२ राहून गेलेला असतो आणि ए बंद पडला की दोष व्हीआरआरपीला. डीएचसीपी स्कोपमध्येही (आपोआप पत्ते वाटायच्या सेटिंगमध्येही) तेच.

टेस्टसाठी राउटरची लॅन केबल काढू नका, तिने जुना ट्रॅकही पास होईल. मीडिया कन्व्हर्टरमधली (फायबर आणि तांब्याची केबल जोडणाऱ्या डबीतली) पिवळी फायबर कॉर्ड काढा, ऑफिसच्या पीसीवर बाहेरचा पिंग चालू ठेवा. वीसेक सेकंद तुटून परत यायला हवा. .१ ला पिंग लावून ठरवू नका: काही स्विचवर ॲक्सेप्ट मोड बंद असला की मास्टर नीट चालत असूनही व्हर्च्युअल पत्ता उत्तर देत नाही.