वेब्लीची .४५५ रिव्हॉल्व्हर सोडून ब्रिटिशांनी .३८ (आकडे म्हणजे कॅलिबर, गोळीची जाडी साधारण इंचात) घेतली, हे चुकलंच ना?

बिनीचा शिलेदार:
ब्रिटिश लष्कराने १८८७ मध्ये बर्मिंगहॅमच्या वेब्ली कंपनीची .४५५ रिव्हॉल्व्हर घेतली. तिची मार्क ६ ही आवृत्ती १९१५ पासून खंदकांत होती. सहा इंची नळी, वजन साधारण ११०० ग्रॅम. १९३२ मध्ये तिच्या जागी एनफील्डच्या सरकारी शस्त्र कारखान्याची .३८ आली. माझ्या मते निर्णय साफ चुकला. कमरेचं हत्यार बाहेर निघतं तेव्हा शत्रू चार पावलांवर आलेला असतो. तिथे एका गोळीत माणूस थांबला पाहिजे. १७ ग्रॅमची गोळी टाकून १३ ग्रॅमची कशासाठी घ्यायची?

सह्यकडा:
असहमत. .४५५ चा झटका नवख्याच्या हाताला पेलत नाही. युद्धात भरती होते ती कारकुनांची, शेतकऱ्यांची; त्यांना सरावाला वेळ कुठला? लागलेली हलकी गोळी हुकलेल्या जड गोळीपेक्षा केव्हाही बरी. दोन्ही गोळ्यांचा वेगही जवळपास सारखाच, सेकंदाला १९० मीटरच्या आसपास.

बिनीचा शिलेदार:
पण १३ ग्रॅमची गोळी युद्धात टिकली कुठे? मऊ, उघडं शिसं हेग कराराच्या (शरीरात पसरणाऱ्या गोळ्यांवरची बंदी) विरोधात जाईल या धास्तीने दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर धातूच्या कवचाची, साडेअकरा ग्रॅमची गोळी आणली. .३८ निवडताना मांडलेला हिशेबच त्याने मोडला.

सह्यकडा:
मग दोष गोळीला द्या, रिव्हॉल्व्हरला कशाला? .४५५ ची पोकळ टोकाची गोळीही हेगपायीच मागे घ्यावी लागली होती.

जुनं लोखंड:
तुम्ही दोघं गोळीवर भांडताय, पण या घराण्याची खरी ताकद बिजागरीत आहे. डाव्या बाजूची खिटी अंगठ्याने दाबली की नळी पुढे वाकते, मधली चांदणी वर उठते आणि सहाही पुंगळ्या एकदम बाहेर पडतात. अंधारात, चिखलाने माखलेल्या हातांनीही हे जमतं. एनफील्डने ही रचना जशीच्या तशी ठेवली, इतकी की वेब्लीने त्यावरून दावा लावला. आपल्याकडे कानपूरच्या सरकारी कारखान्याची .३२ याच घडणीची आहे. एवढं टिकलेलं असताना कॅलिबर बदललं म्हणून घोडचूक झाली, हे मला पटत नाही.

बिनीचा शिलेदार:
रचनेबद्दल वाद नाहीच. पण १९३८ मध्ये एनफील्डच्या हॅमरचा वर आलेला कोंब कापला, कारण तो रणगाड्यात अडकत होता. म्हणजे हॅमर अंगठ्याने मागे ओढून चाप हलका करायची सोय गेली. दर गोळीला लांब, जड चाप ओढायचा. नेम सोपा व्हावा म्हणून .३८ घेतली म्हणता, आणि तोच अवघड करून ठेवला.

सह्यकडा:
हा मुद्दा मान्य, लांबच्या नेमापुरता. पण चार पावलांवर हॅमर ओढत बसायला कोणाला सवड असते? ते अंतर तुम्हीच सांगितलंत. आणि रणगाडा पेटल्यावर झाकणातून बाहेर पडताना रिव्हॉल्व्हर कुठेही अडकता कामा नये, ही मागणी रास्तच होती.