शब्दचर्चा : ‘वेगविस्तार’, ‘वेग-अपस्करण’ की आणखी काही? (बोलणाऱ्यांची नावं म्हणजे सोलापुरातले त्यांचे भाग.)

जुळे सोलापूर : शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी कोमा दीर्घिकासमूहावर (आपल्या आकाशगंगेसारख्या अनेक दीर्घिकांचा समूह) मराठी तक्ता करतोय. ‘व्हेलॉसिटी डिस्पर्शन’ला, म्हणजे समूहातल्या दीर्घिकांचे वेग एकमेकांपेक्षा किती वेगळे याच्या मापाला, कोणी ‘वेग-अपस्करण’ म्हणतं, कोणी ‘वेगविस्तार’. कुठला घ्यावा? आणि दीर्घिका केंद्राभोवती ‘परिभ्रमण करतात’ म्हटलं तर चालतंय का?

बाळीवेस : अपस्करण नको. शाळेत तो शब्द लोलकातून रंग सुटे होण्यासाठी शिकवतात, आणि इथे वेग मोजायचा तोही वर्णपटावरूनच. मुलांचा घोळ ठरलेला. ‘विस्तार’ त्याहून वाईट, समूह फुगतोय असं वाटेल. तो तर गुरुत्वानं बांधलेला आहे.

‘परिभ्रमण’ खोडाच. ग्रहांसारखी एक पातळी, एक दिशा इथे नसते. नंदीध्वजांच्या मिरवणुकीत सगळे एकीकडे चालतात. गड्ड्यावर (सिद्धेश्वराच्या जत्रेत) मात्र जो तो आपल्या दिशेनं, तरी गर्दी जागच्या जागी. समूह हा गड्डा आहे.

सात रस्ता : मोजायचं नेमकं काय ते पाहिलं की शब्द सुचेल. प्रत्येक दीर्घिकेच्या वर्णपटात कॅल्शियमची के रेषा शोधायची. तिची मूळ जागा ३९३३.७ अँगस्ट्रॉम (तरंगलांबीचं एकक). कोमात ती सरासरी ४०२४च्या आसपास सापडते, म्हणजे ९० अँगस्ट्रॉम लाल बाजूला (ताम्रसृती, म्हणजे सरकणं भागिले मूळ तरंगलांबी, ०.०२३). हे सरकणं विश्वाच्या प्रसरणाचं. पण एकेका दीर्घिकेत रेषा या सरासरीच्या मागेपुढे असते आणि त्या फरकांचं प्रमाण विचलन (सरासरीपासून साधारण किती फरक पडतो त्याचं माप) साधारण १३ अँगस्ट्रॉम भरतं, म्हणजे सेकंदाला सुमारे १,००० किमी. नव्वदवरून अंतर कळतं, तेरावरून वस्तुमान (वेग जितके जास्त, तितकं ते धरून ठेवायला वस्तुमान जास्त). १९३३ साली खगोलशास्त्रज्ञ झ्विकी यांना याच कोमात दिसणाऱ्या ताऱ्यांचं वस्तुमान या वेगांना पुरेना, तिथूनच कृष्णद्रव्याची, म्हणजे न दिसणाऱ्या द्रव्याची, गोष्ट सुरू झाली.

हिशेबात चुका दोन ठिकाणी होतात. ताम्रसृतीतल्या फरकाला प्रकाशवेगानं गुणून (१ + सरासरी ताम्रसृती) या संख्येनं भागायचं राहून जातं. कोमात दोन टक्क्यांचाच फरक, पण ताम्रसृती ०.५ असेल तर वेग दीडपट आणि वेगाच्या वर्गावर अवलंबून असलेलं वस्तुमान सव्वादोनपट येतं. दुसरं, समोरच्या-मागच्या उपऱ्या दीर्घिका. सरासरीपासून तीन विचलनांपलीकडच्या काढा, पुन्हा मोजा, आकडा स्थिरावेपर्यंत. आणि हा वेग फक्त आपल्या दृष्टिरेषेतला. सगळ्या दिशा सारख्या धरल्या तर खरा वेग √३ पट.

बाळीवेस : मग ‘वेगविचलन’च की! सांख्यिकीतलं विचलन आहे तेच.

विजापूर रोड : नुसतं ‘वेगविचलन’ वाचून दीर्घिका वाट सोडून भरकटली असं वाटेल. तक्त्यावर पहिल्यांदा ‘दृष्टिरेषेतल्या वेगांचं प्रमाण विचलन’ असं पूर्ण लिहा, पुढे ‘वेगविचलन’.

‘सगळ्या दीर्घिका आपल्यापासून लांब जातात’ हे वाक्य मात्र लिहू नका. कन्या समूहातली एम ८६ ही दीर्घिका आपल्याकडे येतेय, सेकंदाला जवळपास २४० किमीनं. समूह दूर जातोय, पण त्यातली तिची स्वतःची धाव त्याहून मोठी.

जुळे सोलापूर : आणि ‘क्लस्टर’ला समूह की गुच्छ?

विजापूर रोड : दोन्ही चालतात, एकच ठेवा. आपली आकाशगंगा आहे तो ‘स्थानिक गट’, लहान. त्याला समूह म्हणू नका. पुण्याच्या खगोलशास्त्रज्ञांनी २०१७ मध्ये जाहीर केलेला ‘सरस्वती’ हा महासमूह, म्हणजे समूहांचा समूह.

सात रस्ता : कोमाच्या चित्रात नैर्ऋत्येला एनजीसी ४८३९ या दीर्घिकेभोवतीचा गट वेगळ्या रंगात दाखवा, तो मुख्य समूहात मिसळतोय. त्याच्या दीर्घिका सरसकट मोजणीत धरल्या तर वस्तुमान काढताना धरलेलं ‘समूह स्थिरावलाय’ हे गृहीतकच लंगडं पडतं.