कॅल्क्युलेटर गायब झाला म्हणून अख्खा लॅपटॉप फॉरमॅट मारायचा का?

सूतवाला_अक्कलकोटरोड
दुकानातल्या लॅपटॉपवरचा विंडोजचा कॅल्क्युलेटर गेला, फोटो उघडायचं अॅप गेलं, अॅप घ्यायचं मायक्रोसॉफ्टचं स्टोअर पण गेलं. भाच्यानं कुठला तरी व्हिडिओ बघून लॅपटॉप फास्ट करायची स्क्रिप्ट चालवली, तिनं झाडून सगळं साफ केलं. दुरुस्तीला नेला तर त्यानं बघितलं न बघितलं आणि म्हणाला, फॉरमॅट मारावं लागतंय, म्हणजे सगळं पुसून विंडोज नव्यानं टाकायचं. माझं मत, हे चूक आहे. हिशेबाचं टॅली आहे, जीएसटीचा पसारा आहे, प्रिंटर सेट केलाय, मराठी टायपिंगचं श्रीलिपी टाकलंय, ते सगळं परत बसवायला कोण येणार? बोला.

सातरस्ता_रिपेअर
अण्णा, हेच काम करतो म्हणून सांगतो. स्क्रिप्टनं आणखी काय काय उडवलंय ते आम्हाला वरून दिसत नाही. कॅल्क्युलेटर आणून दिला तर परवा तुम्हीच येणार, आता सर्च चालंना, अपडेट अडकलंय, आणि ते आम्ही फुकटात बघायचं. फॉरमॅट मारलं की विषय संपला, मला गॅरंटी देता येते. बॅकअप घेतोच की.

हिशेबवाली_ताई
बॅकअप म्हणजे काय घेता दादा? डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स. टॅलीप्राइमचा डेटा मुद्दाम हलवला नसेल तर सी ड्राइव्हच्या यूजर्समध्ये पब्लिक फोल्डर असतो त्यात पडलेला असतो, तिथं कुणी ढुंकून बघत नाही. माझ्या एका क्लायंटचा असाच गेला, ऐन मार्चएंडला, बिलांच्या गठ्ठ्यावरून सगळ्या एंट्र्या परत मारल्या, पोरी रात्री उशिरापर्यंत बसून होत्या. गॅरंटी विंडोजची देता, एंट्र्यांची कोण देणार?

शेंगाचटणी_कडक
काय बे, एवढं काय त्या कॅल्क्युलेटरचं. मोबाईलमध्ये आहे, गल्ल्यावर मोठ्या बटणांचा असतोच. फोटोला दुसरं फुकटातलं अॅप टाका. कंपनीच स्वतः काढून टाकते की, वर्डपॅड किती वर्षं होतं, विंडोज इलेव्हनच्या २४एच२ आवृत्तीत उडवलं. कुणी रडलं का?

होटगीरोड_आयटी
वर्डपॅड कंपनीनंच काढलंय, ते आता सरळ मार्गानं परत येत नाही, पण कॅल्क्युलेटर आजही विंडोजसोबत मिळतो. २०१९ ला त्याचा कोड पण सगळ्यांसाठी खुला केलाय.

आता सूतवाले काका, आधी एक करून बघा. लॅपटॉपवर नवीन यूजर अकाउंट काढा आणि त्यात लॉगिन करा. तिथं कॅल्क्युलेटर दिसला म्हणजे तो फक्त तुमच्या अकाउंटमधून गेलाय, मशीनमध्ये पॅकेज शाबूत आहे. तिथंही नसेल तर स्क्रिप्टनं मुळातून काढलंय. दोन्ही वेळेला उपाय एकच, स्टोअर परत आणायचं. कमांड प्रॉम्प्ट अॅडमिन म्हणून उघडा, डब्ल्यूएसरीसेट असं इंग्रजीत टाका, मग स्पेस, मग डॅश आणि आय (wsreset -i), एंटर. स्क्रीनवर काही झाल्यासारखं वाटत नाही, नेट चालू ठेवून थोडा वेळ थांबा, स्टोअर येतं. मग त्यातून विंडोज कॅल्क्युलेटर आणि फोटोज, फुकट आहे. सगळे एसएफसी स्कॅन, म्हणजे विंडोजच्या फाइल तपासून दुरुस्त करणारी कमांड, मारा म्हणून सांगतात, ते सिस्टीम फाइल बिघडली असेल तर ठीक, काढून टाकलेलं स्टोअरचं अॅप त्यानं येत नाही.

सातरस्ता_रिपेअर
पुस्तकात सगळं चालतं साहेब. समोर गिऱ्हाईक उभं, लाइट जायच्या आधी काम उरकायचं, त्यात कितीतरी मशीनवर कुणी कुणी काटछाट करून बनवलेली लाइट विंडोज टाकलेली असते, तिथं तुमची कमांड काय करणार? आणि अण्णांचं विंडोज टेन असेल तर १४ ऑक्टोबर २०२५ लाच त्याचा सपोर्ट संपलाय. नवीन इलेव्हन टाकून घ्यावं हेच शहाणपण.

होटगीरोड_आयटी
लाइट विंडोज असेल तर मी पण फॉरमॅटच म्हणेन, तिथं तुमचं बरोबर. पण इलेव्हनसाठी पुसायची गरज नाही. टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप आणि इलेव्हनला चालणारा प्रोसेसर असला तर चालू विंडोजमधूनच आयएसओचा, म्हणजे विंडोज टाकायच्या फाइलचा, सेटअप चालवायचा आणि फाइल्स व अॅप्स ठेवा हा पर्याय निवडायचा. टॅली, प्रिंटर जागेवर राहतात, गेलेली अॅप्स सहसा परत येतात. आधीच इलेव्हन असेल तर त्याच आवृत्तीवर हेच करता येतं. फक्त "रीसेट धिस पीसी" वर जाऊ नका, त्यात फाइल्स ठेवा म्हटलं तरी टाकलेले प्रोग्राम उडतात.

सातरस्ता_रिपेअर
त्याला वेळ किती जातो माहितीय का? फॉरमॅटपेक्षा जास्त. आणि गिऱ्हाईक म्हणणार, काय केलंत, सगळं आधीसारखंच तर दिसतंय, पैसे कशाचे?

सूतवाला_अक्कलकोटरोड
आधीसारखं दिसावं म्हणूनच देतोय ना! फॉरमॅटचे घेता तेवढेच घ्या, वर शंभर जास्त घ्या. टाका इलेव्हन, पण पुसू नका.

हिशेबवाली_ताई
काका, तरीपण टॅलीचा बॅकअप टॅलीतूनच पेनड्राइव्हवर घ्या, मग लॅपटॉप हातात द्या. आयटीवाल्यांच्या पर्यायावर पण मी डोळे झाकून विश्वास ठेवणार नाही.

सातरस्ता_रिपेअर
चालतंय, घेऊन या सकाळी, गर्दीच्या आधी. आणि भाच्याला वेगळं साधं अकाउंट काढून द्या, अॅडमिनचा पासवर्ड त्याला सांगू नका, नाहीतर पुढच्या महिन्यात परत इथंच भेटू.